बाळाचा डावा डोळा सारखा वाहतो, सकाळी चिकटतो

गोदाकाठची | १८ नोव्हेंबर, रात्री ११:५०

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक साडेतीन महिन्यांची आहे. आम्ही इंदिरानगरला राहतो. ती तीन आठवड्यांची असल्यापासून तिचा डावा डोळा वाहतोय. रडत नसली तरी खालच्या पापणीच्या काठाशी पाणी साठून असतं आणि मग गालावरून ओघळतं. सकाळी तर पापण्या पिवळट चिपडाने इतक्या चिकटलेल्या असतात की उजवा डोळा उघडतो आणि डावा उघडतच नाही. ती एका डोळ्याने मला शोधते, ते बघून माझ्या पोटात कालवतं. ओल्या कापसाने थोडं थोडं पुसत पाच-दहा मिनिटांत डोळा सुटतो. डोळ्याचा पांढरा भाग पांढराच आहे, लाली नाही. उजवा डोळा अगदी चांगला आहे.

दीड महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अश्रूंची नळी बंद आहे, मसाज करा, आपोआप उघडेल." मसाज कसा करायचा ते त्यांनी दाखवलं, पण बाहेर एवढी गर्दी होती की सगळं दहा सेकंदांत उरकलं. तेव्हापासून मी रोज नाकाच्या दांड्यावरून हात फिरवतेय. दोन महिने झाले, काडीचा फरक नाही.

घरात रोज नवं मत. आजेसासूबाई म्हणतात, डोळ्यात आईच्या दुधाची धार सोड. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी म्हणतात, काजळ घाला, घाण बाहेर पडेल. शेजारच्या काकूंनी नातवाचे उरलेले ड्रॉप्स आणून दिलेत. आणि नवऱ्याने कुठेतरी वाचलं की यात डोळ्यात सळई घालून ऑपरेशन करतात. तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नाही.

कुणाच्या बाळाला असं झालंय का? मसाज नक्की कसा करायचा? किती दिवस वाट बघायची? आणि ऑपरेशनची वेळ आलीच तर नाशिकमध्ये होतं की मुंबईला जावं लागतं?

दोन_पोरांची_आई | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

अगं, आधी घाबरणं सोड. माझ्या थोरल्याला अगदी हेच होतं, तेही दोन्ही डोळ्यांना. सकाळी उठला की दोन्ही डोळे बंद, आणि दिसत नाही म्हणून भोकाड पसरायचा. सातव्या महिन्यात थांबलं. मध्ये डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले होते, मला वाटतं त्यांनीच नळी उघडली. धाकटीला काहीच झालं नाही.

तुझा मसाज चुकतोय हे नक्की. मीही आधी नाकाचा दांडाच चोळत होते, कारण मालिशवाल्या मावशी नाक धारदार व्हावं म्हणून तसंच ओढायच्या. ती मालिश वेगळी, ही वेगळी. जागा चुकली की वर्षभर केलं तरी उपयोग नाही.

नेत्रवैद्य | १९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. आमच्याकडे अशी बाळं सतत येतात. बाळ न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही केलेलं वर्णन नळी बंद असण्याशी जुळतं: एकच डोळा, जन्मानंतर काही आठवड्यांनी सुरुवात, पाणी आणि चिपड असूनही डोळा पांढरा. जन्मल्याबरोबर हे दिसत नाही, कारण पहिल्या काही आठवड्यांत बाळाला अश्रू फारसे येतच नाहीत.

आधी रचना समजून घ्या, म्हणजे मसाज आपोआप समजेल. आरशात स्वतःच्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बघा. वरच्या आणि खालच्या पापणीच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढं एकेक छिद्र दिसेल. अश्रू त्यातून आत शिरतात, बारीक नळ्यांतून एका छोट्या पिशवीत येतात आणि पिशवीतून खाली जाणाऱ्या नळीने नाकात उतरतात. लासलगावच्या मार्केटमध्ये कांद्याच्या ढिगाशेजारी उभं राहिलं की डोळ्यांबरोबर नाकही गळतं ते याच वाटेने. डोळ्यात टाकलेलं औषध थोड्या वेळाने घशात कडू लागतं तेही याच वाटेने.

पोटात बाळ वाढत असताना ही नळी आधी भरीव असते आणि मग पोकळ होत जाते. नाकात उघडणारं तिचं खालचं टोक सगळ्यात शेवटी मोकळं होतं. पुष्कळ बाळांत जन्माच्या वेळी तिथे पातळ पडदा शिल्लक असतो. वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरातल्या ५ पासून २० बाळांपर्यंत हा त्रास आढळला आहे, म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट मुळीच नाही. यातल्या साधारण ९० टक्के बाळांची नळी पहिल्या वाढदिवसापर्यंत उघडते. तुंबलेल्या मोरीत पाणी साचून राहिलं की वास यायला लागतो ना, तसं पिशवीत साठलेल्या अश्रूंत जंतू वाढतात आणि चिपड येतं. डोळे येणं ते वेगळं. त्यात डोळा लाल होतो.

आता मसाज. १९२३ साली क्रिग्लर नावाच्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने तो सांगितला आणि आजही पहिला उपाय तोच आहे. नखं अगदी बारीक कापा, हात साबणाने धुवा. आधी डोळा स्वच्छ पुसून घ्या. मग तर्जनीचं किंवा करंगळीचं टोक डोळा आणि नाक यांच्यामधल्या बेचक्यात, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर ठेवा. तिथे हाडाच्या कडेला लागून पिशवी आहे. आधी आत दाबायचं आणि मग दाब न सोडता नाकाच्या बाजूने खाली, नाकपुडीच्या दिशेने बोट ओढत आणायचं. आधी आत दाबल्यामुळे पाण्याला वर डोळ्याकडे परतायची वाट राहत नाही. सगळा जोर खालच्या पडद्यावर येतो आणि कधीतरी तो पडदा फाटतो. नुसतं कातडीवर बोट फिरवून आतलं पाणी हलत नाही. आपल्या नखाखालचा गुलाबी रंग पांढरट पडेल इतका दाब हवा. डोळ्याच्या बुबुळावर मात्र दाब अजिबात नको. एका वेळी ५ ते १० वेळा, दिवसातून तीन-चारदा. अंगावर पाजताना करा, बाळ शांत असतं.

दूध, काजळ, तूप, एरंडेल, मध, गुलाबपाणी यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. आईचं दूध बाळाच्या पोटासाठी अमृत आहे, पण नळीच्या खालच्या टोकाचा पडदा त्याने उघडत नाही. काही काजळांत आणि सुरम्यात शिसं सापडलं आहे, शिवाय काजळ घालणाऱ्या बोटाबरोबर जंतूही डोळ्यात जातात. शेजारच्या काकूंची बाटली आजच फेकून द्या. उघडलेली बाटली महिन्याभरानंतर वापरायची नसते, आणि त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्याचा दाब वाढू शकतो.

@दोन_पोरांची_आई, ड्रॉप्सने नळी उघडत नाही. चिपड पिवळं-हिरवं आणि भरपूर झालं की जंतू कमी करायला काही दिवस अँटिबायोटिक ड्रॉप्स देतो, तेवढंच त्यांचं काम. तुमच्या मुलाची नळी त्याच सुमारास उघडली असणार, वयही तेच होतं.

गोदाकाठची | २० नोव्हेंबर, दुपारी २:३०

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. हे कुणीच एवढं समजावून सांगितलं नव्हतं.

आज सकाळी अंगावर घेतल्यावर तुम्ही सांगितलं तसं केलं. कोपऱ्यावर बोट ठेवून आत दाबलं मात्र, डोळ्यातून पिवळट चिकट थेंब वर आला. माझा हात थरथरला. बोट लगेच काढलं. माझ्याकडून आत काही फुटलं तर नाही ना?

नेत्रवैद्य | २० नोव्हेंबर, रात्री ९:२०

काही फुटलेलं नाही. पिशवीत साठलेलं वरच्या छिद्रांतून बाहेर आलं. आम्हीही तपासताना हेच करून बघतो. दाबल्यावर असं वर आलं की अडथळा पिशवीच्या खाली आहे हे कळतं. म्हणजे तुमचं बोट बरोबर जागी पडलं. तो थेंब स्वच्छ कापसाने पुसा आणि पुढचे दाब द्या. पिशवी रिकामी होत राहिली तर चिपडही कमी होईल.

एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवून घ्या आणि मसाज त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा. त्यांनी करून दाखवण्यापेक्षा तुम्ही केलेलं त्यांनी बघणं जास्त उपयोगाचं.

आजी_सातपूर | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

बाळा, मी अडुसष्ट वर्षांची आहे, नात लिहून देतेय.

तुझ्या आजेसासूबाईंना चुकीचं म्हणू नकोस. आमच्या वेळी बाळंतिणीच्या खोलीत हेच होतं. माझ्या दोन्ही मुलांच्या डोळ्यांत मी दूध घातलंय, काजळही घातलंय. त्यांचे डोळे बरे झाले आणि आम्हाला वाटलं दुधाने झाले. आता डॉक्टरांचं वाचून कळतंय की ते होणारच होते. नातवाच्या वेळी सूनबाई काजळाला नको म्हणाली तेव्हा मला राग आला होता. मग आम्ही तडजोड केली. तीट तळपायाला आणि कानामागे. दृष्ट लागायची ती तिथेही अडते. डोळ्याला हात नाही.

आणि म्हातारीला काम दे. मी रोज सकाळी पाणी उकळून झाकून ठेवायची, गार झालं की वापरायला. दुपारी बसून वाती वळते तसे कापसाचे छोटे बोळे वळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. सुनेने फक्त पुसायचं. एका बोळ्याने एकदाच, नाकाकडून कानाकडे, आणि टाकून द्यायचा. दुसऱ्या डोळ्याला दुसरा. आपल्या हाताला मान मिळाला की माणूस दुधाचा हट्ट सोडतं.

अजून एक. आता थंडी पडायला लागली. न्हाणं झाल्यावर ओवा-शेपाची धुरी द्यायची पद्धत आहे ती बंद कर. बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडला की चांगल्या डोळ्यांतूनही पाणी येतं.

गोदाकाठची | २१ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

आजी, तुमचं पान मी आजेसासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. तासाभराने देवघरातला कापूस घेऊन बसल्या.

द्राक्षबाग | २२ नोव्हेंबर, रात्री ११:१०

वहिनींनी ऑपरेशनचं विचारलंय आणि दादांची झोप उडालीय, म्हणून बापाच्या बाजूने लिहितो. मी पिंपळगाव बसवंतचा. आमच्या मुलाचं प्रोबिंग, म्हणजे बारीक तारेने बंद नळी मोकळी करणं, चौदाव्या महिन्यात नाशिकला झालं. मुंबईला जावं लागलं नाही.

आम्ही मसाज केला, पण खरं सांगायचं तर सलग केला नाही. छाटणीचे दिवस, मग फवारण्या, घरात माणसांची ये-जा. वर्षाचा झाला तरी डोळा वाहतच होता. गालाची कातडी सततच्या ओलीने लाल होऊन खरखरीत झाली होती.

डॉक्टरांनी आधी एक साधी तपासणी केली. दोन्ही डोळ्यांत पिवळ्या-नारिंगी रंगाचा थेंब घातला आणि पाच मिनिटं थांबायला सांगितलं. मग दिवा बंद करून निळा प्रकाश टाकला. चांगल्या डोळ्यातला रंग निघून गेला होता आणि रुमालाला नाक पुसलं तर रुमालावर पिवळं उमटलं. दुसऱ्या डोळ्यात पापणीच्या काठाने हिरवीगार चमकणारी रेघ तशीच. मला शिकवायला काही उरलंच नाही, डोळ्यांनी दिसलं की पाणी कुठे अडलंय.

पहिली तारीख सर्दीमुळे रद्द झाली. मला राग आला होता, पण भूलतज्ज्ञ म्हणाले, नाक-छाती साफ नसताना एवढ्या लहान मुलाला भूल द्यायची नाही. दुसऱ्या तारखेला पहाटेपासून उपाशी. वरचं दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी बंद. सगळ्यात अवघड हेच गेलं. दरवाजाबाहेर त्याला खांद्यावर घेऊन मी येरझाऱ्या घालत होतो आणि तो माझा शर्ट चोखत होता.

आत नेलं आणि चहा अर्धा व्हायच्या आत परिचारिकेने बोलावलं. सळई वगैरे काही नाही हो. बोथट टोकाची, केसांच्या पिनेहून बारीक तार असते. ती पापणीच्या काठावरच्या त्याच छिद्रातून आत घालून नाकापर्यंत नेतात, पडदा मोकळा करतात आणि मग पाणी सोडून ते नाकात उतरतं का बघतात. डोळा कापत नाहीत. बाहेर टाका नाही, पट्टी नाही. नाकातून थोडं लालसर पाणी आलं, ते येणार हे आधीच सांगितलं होतं. संध्याकाळी घरी. काही दिवस ड्रॉप्स. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तर दोन्ही डोळे एकदम उघडले. बायको त्याच्याकडे बघत नुसती बसून राहिली.

दादांना सांगा, भीती वाटणारच, पण ती भूल देण्याविषयीची असू द्या आणि त्याविषयीचे प्रश्न भूलतज्ज्ञांना समोर बसून विचारा. लहान मुलांना भूल द्यायचा अनुभव असलेला माणूस आहे ना, एवढं आधी बघा. आमचा खरा प्रश्न तोच होता.

दोन_पोरांची_आई | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:००

मला एक कळत नाही. माझ्या बहिणीच्या बाळाला परदेशात सहाव्या महिन्यातच क्लिनिकमध्ये भूल न देता प्रोबिंग केलं. मग आपल्याकडे वर्षभर का थांबवतात? उगाच पोराने एवढे दिवस का सोसायचं?

नेत्रवैद्य | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

दोन्ही पद्धती खऱ्या आहेत. सहा महिन्यांच्या आसपास बाळाला गुंडाळून, डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून प्रोबिंग करणारे डॉक्टर आहेत. त्यात पूर्ण भूल टळते. पण अशी कितीतरी बाळं यात येतात की ज्यांची नळी थोडं थांबल्यावर आपणहून उघडली असती. अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या एका मोठ्या गटाने ६ ते १० महिन्यांच्या, नळी बंद असलेल्या बाळांना आणखी सहा महिने फक्त मसाज आणि गरजेपुरते ड्रॉप्स देऊन बघितलं, तर सुमारे दोन-तृतीयांश डोळे प्रोबिंगशिवाय बरे झाले. म्हणून मी साधारण वर्षापर्यंत थांबतो. वारंवार जंतुसंसर्ग होत असेल, पिशवी सुजत असेल तर मात्र वाढदिवसाची वाट बघत नाही.

द्राक्षबाग यांनी छान लिहिलंय. प्रोबिंग पहिल्यांदाच यशस्वी होण्याचं प्रमाण दहातल्या नऊ मुलांच्या आसपास आहे. नाहीच झालं तर पुन्हा प्रोबिंग, किंवा नळीत काही महिन्यांसाठी बारीक सिलिकॉनची नळी ठेवणं, किंवा छोट्या फुग्याने नळी रुंद करणं. त्यापुढची मोठी शस्त्रक्रिया फारच थोड्या मुलांना लागते. मात्र तीन-चार वर्षांचं होईपर्यंत "होईल बरं" म्हणत बसू नका.

नाशिकमध्ये हे होतं. जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग आहे, आडगावला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, खासगी नेत्ररुग्णालयंही आहेत. जाल तिथे एवढंच विचारा: लहान मुलांचं प्रोबिंग इथे नियमित होतं का, आणि भूल कोण देतं.

माहेरवाशीण_नाशिकरोड | २४ नोव्हेंबर, रात्री १२:३०

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. गोदाकाठची, तुला घाबरवायला नाही, पण हा धागा उद्या दुसरी आई वाचेल म्हणून लिहिते.

माझ्या मुलाचे दोन्ही डोळे वाहायचे. एका ठिकाणी दाखवलं, त्यांनी टॉर्च न लावताच "नळी बंद आहे, मसाज करा" सांगितलं. मी पाच महिने मनापासून मसाज केला. त्याला चिपड फारसं नव्हतंच, नुसतं पाणी. आणि तो उजेडाला घाबरायचा. सकाळी गॅलरीत नेलं की तोंड माझ्या खांद्यात खुपसायचा, डोळे घट्ट मिटून घ्यायचा. आम्हाला वाटायचं लाजतोय. बारशाला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, "किती टपोरे डोळे आहेत गं, दृष्ट काढ." मीही काढली. मोठे डोळे म्हणून आम्ही कौतुकच करत होतो.

सहाव्या महिन्यात भावाने काढलेल्या फोटोत त्याची बुबुळं निळसर, धुरकट दिसली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. तो जन्मजात काचबिंदू होता. डोळ्यातल्या दाबाने डोळाच मोठा झाला होता. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली, नंतर आणखी एक. आज तो पाच वर्षांचा आहे, चष्मा लावून शाळेत जातो, पहिल्या बाकावर बसतो. उजव्या डोळ्याने कमी दिसतं. ते पाच महिने मला कुणी परत देऊ शकत नाही.

बाळ उजेडात डोळे मिटत असेल, बुबुळ नेहमीपेक्षा मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर मसाज करत बसू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि "काचबिंदू नाही ना?" असं शब्द उच्चारून विचारा.

नेत्रवैद्य | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:००

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. मसाज पाच महिने न चुकता केलात, तुमच्याकडून काही कमी पडलेलं नाही. टॉर्च लावायला हवा होता तो डॉक्टरांनी.

यात एक गोष्ट घरीही लक्षात येऊ शकते. नळी बंद असेल तर डोळा ओला आणि त्या बाजूची नाकपुडी कोरडी असते, कारण अश्रू खाली उतरतच नाहीत. काचबिंदूत वाट उघडी असते, पाणीच जास्त तयार होतं, म्हणून डोळ्याबरोबर नाकही वाहतं. ही खूण शंका यायला पुरेशी आहे. निदान मात्र तपासणीनेच.

आणखी दोन प्रसंगी थांबायचं नाही. डोळा आणि नाक यांच्यामध्ये लाल, गरम, हात लावू न देणारी सूज आली आणि ताप आला तर पिशवीत पू झालाय, मसाज बंद करून त्याच दिवशी दवाखाना. आणि जन्मल्यावर पहिल्या महिन्यात डोळा लाल होऊन भरभरून पू येत असेल तर तीही तातडीची गोष्ट आहे, तो जंतुसंसर्ग बुबुळाला इजा करू शकतो.

गोदाकाठची | २६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

माहेरवाशीण, तुझं वाचून रात्रभर जागी होते. काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मी शब्द उच्चारून विचारलं. त्यांनी बुबुळाचं माप घेतलं, उजेड टाकून बघितला, नीट वेळ दिला. काचबिंदू नाही. नळीच बंद आहे. मी त्यांच्यासमोर मसाज केला. म्हणाले जागा बरोबर आहे, दाब अजून थोडा वाढवा. त्यांनी माझ्या बोटावर स्वतःचं बोट ठेवून दाब दाखवला. मी देत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. वाढदिवसापर्यंत थांबायचं ठरलंय.

तुझ्या मुलाला माझा पापा.

गोदाकाठची | १२ जानेवारी, रात्री १०:००

लेक आता पाच महिन्यांची. दिवसातून चार वेळा मसाज सुरू आहे, एकही दिवस चुकवला नाही. चिपड बरंच कमी झालं होतं, पण गेल्या आठवड्यात थंडीने कहर केला आणि तिला सर्दी झाली. पुन्हा डोळा पहिल्यासारखा. सगळं वाया गेलं का?

नेत्रवैद्य | १३ जानेवारी, रात्री ९:४०

नाही. सर्दीत नाकातली त्वचा सुजते आणि नळीचं तोंड तिथेच आहे, त्यामुळे आधीच अरुंद वाट आणखी बंद होते. सर्दी उतरली की पुन्हा मागच्या जागी याल. मसाज सुरू ठेवा.

गोदाकाठची | ९ एप्रिल, रात्री ११:१५

सव्वाआठ महिने पूर्ण. सांगायला उशीर केला, कारण मला खात्री करायची होती.

मार्चच्या शेवटी एका सकाळी डोळा चिकटलेला नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मी कुणाला बोलले नाही, उगाच आशा नको म्हणून. आजेसासूबाईंनी मात्र बोळ्यांचा डबा भरलेलाच राहतोय हे बघितलं होतं. परवा लेक खुर्चीच्या पायाला धडकली आणि जीव तोडून रडली. मी तिला उचललं तर आजेसासूबाई म्हणाल्या, "अगं, नाक बघ तिचं." दोन्ही नाकपुड्यांतून पाणी येत होतं. डावीतूनसुद्धा. रडणारं लेकरू कडेवर आणि आम्ही दोघी तिचं नाक बघून हसतोय.

काल डॉक्टरांनी रंगाचा थेंब घालून बघितला. पाच मिनिटांत दोन्ही डोळे साफ.

आजी_सातपूर | १० एप्रिल, सकाळी ६:३०

तुझ्या आजेसासूबाईंना माझा नमस्कार सांग. डबा फेकू नका म्हणावं, दात येताना लाळ पुसायला होईल.

सिन्नरकर_बाबा | २ जून, दुपारी १:०५

सगळा धागा वाचला. आमचं बाळ सहा दिवसांचं आहे. उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या खाली वाटाण्याएवढी निळसर गाठ आहे, जन्मापासूनच. डोळ्यातून पाणी थोडंसंच. दूध पिताना मध्येच सोडून श्वास घेतं. मसाज सुरू करू का?

नेत्रवैद्य | २ जून, दुपारी १:२०

मसाज करू नका. आजच, आत्ता निघा. जन्मतः अशी निळसर गाठ असेल तर पिशवी दोन्हीकडून बंद होऊन फुगलेली असू शकते, आणि तिचा फुगा नाकाच्या आतही उतरलेला असू शकतो. एवढी लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, म्हणून ते दूध सोडत असावं. लहान मुलांचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर आणि नाक-कान-घशाचे डॉक्टर एकाच ठिकाणी असतील अशा रुग्णालयात जा. वाटेत बाळाचं नाक मोकळं आहे का, ओठ निळे पडत नाहीत ना, याकडे लक्ष ठेवा.

सिन्नरकर_बाबा | २ जून, दुपारी १:२६

गाडी काढलीय. निघालो.

गोदाकाठची | ३ जून, सकाळी ७:५०

दादा, काय झालं? दोनदा उठून फोन बघितला.

सिन्नरकर_बाबा | ५ जून, रात्री ९:३०

काल हातात फोन घ्यायला सवड नव्हती. तुम्ही सांगितलंत तेच निघालं. नाकातही फुगा होता. दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक दिलं आणि काल भूल देऊन नळी मोकळी केली, नाकातला फुगा दुर्बिणीने काढला. आज दुपारी बाळाने न थांबता पूर्ण वेळ दूध प्यायलं. बायको म्हणाली, घड्याळ लावून बघ. अकरा मिनिटं.